तीन तास उघडू नकोस

सोदान्क्यूलाच्या पेट्रोलपंपावर
उणे सव्वीसमध्ये टार्मोनं डिकी उघडली.
पेटी काळी, लांब, एका कोपऱ्याला चिकटपट्टी.
"डिकीत आणि घरात जवळजवळ पन्नास अंशांचा फरक," तो म्हणाला,
"लगेच उघडलीस तर रंग तडकेल.
तीन तास उघडू नकोस."

म्हणजे न बघताच पैसे मोजले मी.
पाण्यातल्या म्हशीचा सौदा;
इथे बर्फाखालच्या म्हशीचा म्हणू.
दोनशे चाळीस ठरले होते,
एक बटण हरवलंय म्हणून दहा त्यानंच परत केले,
दहाची नोट पुन्हा पुन्हा सरळ करत,
जणू तिलाही निरोप द्यायचाय.
का विकतोयस, हे मी विचारलं नाही.
डाव्या हाताची दोन बोटं त्यानं खिशातून काढलीच नव्हती.

घरी आले. पेटी स्वयंपाकघरात, टेबलावर आडवी.
कुलुपांवर दव धरलं, मग थेंब, मग ओघळ.
बटाटे उकडले. खाल्ले.
रात्रपाळीला नांगर घेऊन निघायचं होतं दहाला,
कित्तिलाच्या रस्त्यावर बर्फ बाजूला सारायला.
हिल्काचा फोन आला: "काय घेतलंस? या वयात?"
म्हटलं, एक पेटी घेतलीय. घाम येतोय तिला.

पावणेनऊ.
आधी वास आला. सिगरेट, ओलं लाकूड, कुणाचं तरी मांजर.
मग रंग: फोटोत लाल होता,
इथे तो जुन्या विटेचा, कडेला जवळजवळ तपकिरी,
आणि वरच्या काठावर, जिथे कोपर टेकतं,
पार लाकूड उघडं पडलेलं.
माझं कोपर तिथे पोचत नाही.
चार बोटं अलीकडेच राहतं.

पाठीवर ओरखडे, पट्ट्याच्या बक्कलाचे.
पट्टा अडकवायची खुंटी एका शिंगावर,
आणि दुसऱ्या शिंगावर बुजवलेलं भोक.
म्हणजे टार्मोच्याही आधी कुणी डावखुरा होता
किंवा होती.
मी तिसरी. निदान तिसरी.

दुसऱ्या पडद्यापाशी, मधल्या दोन तारांखाली
लाकडात दोन खळगे. बोट आपोआप तिथेच जाऊन बसलं.
एकच सूर कुणीतरी वर्षानुवर्षं धरला होता,
इतका की तो आता लाकडाच्या अंगवळणी पडलाय.
मला येतात तीन. त्यातला हा एक.
उरलेल्या दोघांच्या जागा कोऱ्या, गुळगुळीत.

पेटीच्या कप्प्यात:
दातांनी चावलेली एक प्लेक्ट्रम,
सहाव्या तारेचा गंजलेला वेटोळा,
आणि फिन्निश मार्क. नाणं बंद होऊन कैक वर्षं झाली.
ते मी परत तिथेच ठेवलं.

मग तार जोडली, छोटा अँप लावला.
घूं...
फ्रीजसारखा, नव्हे, फ्रीजपेक्षा जवळचा.
मी घाबरून तारांवर तळवा ठेवला
आणि आवाज थांबला.
हात उचलला, घूं.
ठेवला, गप्प.
उचलला, ठेवला. पाचदा केलं.
मग कळलं, बिघाड नाही हा,
हिला कुणीतरी धरून ठेवावं लागतं, एवढंच.

एक सूर वाजवला. कमी-जास्त झाला.
खालच्या मजल्यावरच्या वुओक्कोनं दार आपटलं नाही,
ते मी शाबासकी समजले.

साडेनऊ. बूट घातले. पेटी बंद करावी?
उघडीच ठेवली.
बोटांच्या टोकांवर तारांचे तीन खोल दोरे होते;
स्टिअरिंगवर हात ठेवले तेव्हा ते दुखले,
आणि कित्तिलापर्यंत
मी हातमोजे घातले नाहीत.